दुसऱ्याचं लपण

जरा जवळ सरका, आणि मध्येच कुणी "मग?" म्हणायचं नाही. ही शाहूवाडीकडच्या जोतीरामची हकिकत आहे. खोटी वाटली तर त्याला जाऊन विचारा. माणूस अजून आहे, फक्त या विषयावर तो तोंड उघडत नाही.

साल सत्त्याण्णव. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. भात पिवळं पडायला लागलेलं आणि रानडुकरांनी उच्छाद मांडलेला. एका रात्रीत अर्धं खाचर लोळवून जायची. डुकरं मारणं गुन्हा आहे हे जोतीरामला ठाऊक नव्हतं असं नाही. पण वर्षाचं खाणं डोळ्यांदेखत चिखलात जाताना ज्याचं डोकं फिरत नाही, त्यानं खुशाल कायदा शिकवावा. बंदुकीचा बार लांबवर ऐकू जातो, म्हणून त्यानं आज्याचा तिरकमठा काढला. सोबतीला धाकटा भाऊ कृष्णात. आईबाप लवकर गेले, पोराला जोतीरामनंच वाढवलेलं. तुळशीचं लग्न झालं की कृष्णातच्या लग्नाचा बार उडवायचा होता. जोतीरामचा जीव कशात असेल तर त्या पोरात.

दिवस मावळायच्या आत दोघं जागा बघायला निघाले. लपण म्हणजे कारवीच्या फांद्या रोवून केलेला आडोसा, समोर बाण जाईल एवढी फट. जागा चुकली की रात्र फुकट. जोतीराम त्या बाबतीत भलता चिकित्सक. बांधावरच्या खडकापाशी त्यानं चिमूटभर राख उडवली, ती सरळ खाचरावर गेली.

"हितनं आपला वास जातोय. डुक्कर फिरकायचं न्हाय," तो म्हणाला.

आंब्याखाली वारं बरं होतं, पण मध्ये झुडपं. असं करत करत ओढ्याच्या काठाला मनासारखी जागा सापडली. आणि तिथं लपण तयारच उभं होतं. पानं हिरवीगार, आत बसायला गवतसुद्धा अंथरलेलं.

"आण्णा, ह्ये कुणाचं तरी हाय की," कृष्णात म्हणाला.

तिकडची रीत अशी, की ज्यानं लपण बांधलं त्यानंच ते सकाळी मोडायचं. संध्याकाळी उभं दिसलं म्हणजे त्याचा धनी परत येणार आहे. दुसऱ्यानं त्यात बसायचं नाही. हे जोतीरामला कुणी शिकवायला नको होतं. पण उन्हं उतरलेली, कारवी तोडायचा कंटाळा आलेला.

"आला तर उठू की. एका रातीचा तर सवाल हाय," तो म्हणाला.

"आपलं दुसरं तरी बांधूया."

"तुझ्या लग्नाचा मांडव हाय व्हय ह्यो? गप बस आत."

जेवणं उरकून, घोंगडी घेऊन दोघं आत शिरले, जोतीराम पुढं, कृष्णात मागं. लख्ख चांदणं होतं. खालचं गवत जोतीरामला कोमट लागलं. दिवसभराचं ऊन असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं.

लपणात बोलायचं नसतं. पुढच्यानं फटीवरची नजर काढायची नसते. चहूकडचं लक्ष मागच्यानं ठेवायचं, आणि पुढच्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवायची. एकदा टेकवली की जनावर आलं. दोनदा टेकवली की सोड बाण. दोघा भावांचं हे लहानपणापासून ठरलेलं होतं.

बराच वेळ काही नाही. बेडकांचा गलका चाललेला. मग तोही बंद झाला.

खांद्यावर बोटं टेकली.

वरच्या बांधावरून काहीतरी काळं उतरत होतं. बुटकं. वाकलेलं. भात हलवत, थांबत, पुन्हा हलवत. जोतीरामनं दोरी ओढली.

बोटं टेकली. दोनदा.

अजून जवळ येऊ दे, तो मनात म्हणाला.

पुन्हा दोनदा. या खेपेला जोरात. कृष्णात अशी घाई कधी करत नसे.

काळं थांबलं. अगदी समोर. नेम बसलेला. दोरी कानापर्यंत आलेली…

बोटं आता खांद्यात रुतली. सदऱ्यातून गारठा आत गेला. मानेवर कुणाचा तरी श्वास…

आणि ते काळं शिंकलं.

माणसाची शिंक. जोतीरामनं ती हजारदा ऐकलेली.

"आण्णा…" आवाज समोरून आला. खाचरातून.

बोटं खांद्यावरच होती.

त्यानं मागं बघितलं नाही. कसाबसा बाण खाली केला. मग समोरच्या फांद्या फोडून तो बाहेर पडला आणि घोंगडं पांघरलेल्या कृष्णातला त्यानं मिठी मारली. एवढा दांडगा गडी, लहान पोरासारखा हमसून रडला.

"बाहीर कवा गेलास रं?"

"तूच की सांगितलंस."

"मी?"

"कानात म्हणलास की. घोंगडं डोक्यावरनं घे, वरनं वाकत ये, डुकरं हाकत आण…"

"मी… बोललोच न्हाय."

कृष्णात लपणाकडं बघत राहिला. जोतीरामनं त्याचा दंड धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

सकाळी गावातल्या पिराजी म्हाताऱ्याला त्यानं सगळं सांगितलं. लपण कुणाचं, म्हणून विचारलं. म्हातारा एवढंच म्हणाला, "धाकटा बरा हाय न्हवं?" चार माणसं घेऊन जोतीराम ओढ्यावर गेला. मोडायला तिथं काही नव्हतं. एक रोवलेली काडीसुद्धा नाही.

लग्न ठरल्याप्रमाणं झालं. हळदीच्या दिवशी धोंडुबाई मावशीनं थोरल्यालाही सोडलं नाही. उघड्या पाठीवर, खांद्यांवर हळद चोपडली, बायका हसत होत्या. उजव्या खांद्यावर दोन जागा कोऱ्या राहिल्या. बोटांच्या पेरांएवढ्या, शेजारी शेजारी. मावशीनं पुन्हा हळद लावली. चोळली. पदरानं पुसली, आणखी लावली…

सगळं अंग पिवळंधमक. तेवढ्या दोन जागी हळद बसेना.