रिकाम्या खोलीचा श्वास

दादाचा फोन आला तेव्हा मी एका दवाखान्याच्या गच्चीवर एसीच्या बाहेरच्या युनिटचा पंखा बदलत होते. "मागच्या खोलीत फार दमट होतंय. भिंत ओली, कुबट वास. येऊन बघ ना जरा." आई गेल्याला दहा महिने झाले होते. एवढ्या दिवसांत त्याचा हा पहिला फोन, तोही मेकॅनिकला केल्यासारखा.

भर दुपारी गेले. वहिनीने दार उघडलं, पाणी दिलं आणि नजर चुकवून स्वयंपाकघरात निघून गेली.

मागची खोली आईची. पलंग काढून टाकलेला, फरशीवर त्याच्या चार पायांचे डाग तेवढे उरलेले. स्टुलावर चढून मी एसीचं झाकण उघडलं आणि हात तिथेच थांबला. फिल्टरवर धूळ नव्हती, घोंगडी होती. बोट पेरभर आत गेलं. हा फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचा, हे मी दादाला तीनदा स्वतः करून दाखवलं होतं. वर, धूळ येते म्हणून, त्याने एक्झॉस्ट फॅनच्या भोकावर पुठ्ठा चिकटवला होता.

त्या उन्हाळ्यात मी परगावी कामावर होते. रोज विचारायचे, "आईच्या खोलीतला एसी चालू आहे ना?" तो म्हणायचा, "चालू आहे गं." खोटं बोलत नव्हता मेला. मशीन गुरगुरत होतं, वारा तेवढा येत नव्हता. उष्णतेची लाट आली आणि तिसऱ्या दिवशी आई गेली.

"फिल्टर शेवटचा कधी धुतलास?" मी विचारलं.

"आता ते कशाला उकरून काढतेस? ओलीचं बघ."

रागात माझे हात जास्तच नीट चालतात. फिल्टर धुतला, कॉइल साफ केली, पाणी जायचा पाइप फुंकून मोकळा केला, पुठ्ठा ओरबाडून काढला. खिडकी उघडून खोली वाऱ्यावर ठेवली. मग ओल कुठून येते ते बघायला सगळं बंद केलं, भोकावर प्लास्टिक लावलं, आत माझं मीटर ठेवलं आणि बाहेरून दाराच्या फटीला टेप मारली. हे मीटर हवेतला दमटपणा दाखवतं, आणि माणूस श्वासातून जो वायू सोडतो तोही मोजतं. उघड्यावर त्याचा आकडा चारशेच्या आसपास असतो. मी दार लावलं तेव्हा चारशे तीस होता.

तासाने उघडलं. साडेअकराशे. दमटपणाही चढलेला.

रिकाम्या खोलीत आकडा चढत नाही. मी भिंती ठोकल्या, पाइपला कान लावला, खिडकी उघडून खोलीतली हवा मोकळी केली, पुन्हा टेप मारली. पुन्हा तासाने साडेअकराशे. एवढ्या खोलीत एक माणूस तासभर शांत बसला, तर नेमका एवढाच होतो.

"त्या खोलीत कुणी जात नाही," वहिनी दारातून म्हणाली. "हेसुद्धा नाहीत."

"तुझं मीटर बिघडलंय," दादा म्हणाला.

त्या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. "मग तूच बस आत. तासभर. एसी बंद. बघ कसं वाटतं ते."

तो भांडेल असं वाटलं होतं. तो मुकाट्याने आत गेला. मी खोली मोकळी करून मीटर त्याच्यापाशी ठेवलं, खिडकी लावली, बाहेर येऊन दाराला टेप मारली.

वीस मिनिटांनी त्याने दार वाजवलं. दोनदा.

मी उठले नाही.

मग आतून त्याचा आवाज आला, हलका, कुणाशी तरी बोलल्यासारखा. शब्द कळले नाहीत. नंतर तोही थांबला. वहिनी पदर तोंडाशी धरून उभी होती. मला "उघडा" म्हणाली नाही.

तास भरल्यावर मी टेप काढली. दादा भिंतीला टेकून बसला होता. आत भट्टी होती, पण त्याचा शर्ट कोरडा ठणठणीत. मी मीटर उचललं.

चारशे तीस.

तो उठून माझ्यासमोर आला. "फिल्टर धुवायचं माझ्या लक्षात होतं," तो म्हणाला. "रोज होतं. आईनेही आतून दोनदा दार वाजवलं होतं. मला कंटाळा आला होता. मी उठलो नाही."

दहा महिने मला त्याच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. हे त्याच्या तोंडावर फेकायला मी काय काय जुळवून ठेवलं होतं. पण मी मीटरकडे बघत होते. ते त्याच्या ओठांपासून वीतभरही लांब नव्हतं.

मी ते स्वतःच्या तोंडाशी नेलं, फुंकर घातली. आकडा थोड्याच वेळात दोन हजारांवर गेला. तो खाली उतरेपर्यंत थांबले. मग परत दादासमोर धरलं.

"बोल," मी म्हणाले.

तो बोलत राहिला. सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासून. आकडा हलला नाही.