डॉर्कसची उतरती चाल

ओहायो नदीकाठच्या गॅलिपोलिस गावात लॅव्हिनिया टोल्स बँजो शिकवायची. त्या वर्षांत गोऱ्या घरच्या लेकीसुनांना बँजोचं भारी वेड लागलं होतं आणि लॅव्हिनियासारखा हात गावात दुसरा नव्हता. त्यामुळे काळ्या माणसाला मागच्या दारानेच घेणारी घरंही तिला पुढच्या दाराने आत बोलवत. मिस ऑगस्टा पेनफिल्डकडून बोलावणं आलं तेही असंच, नदीवर बर्फाचे पापुद्रे धरू लागले होते तेव्हा.

ऑगस्टाचे वडील कर्नल पेनफिल्ड गाणी रचत. दिवाणखान्यात पियानोवर म्हणायची गाणी, विरहाची नाहीतर पाळण्यातच गेलेल्या लेकरांची. त्यांना जाऊन बरीच वर्षं लोटली होती. ऑगस्टाची बोटं संधिवाताने वाकडी झाली आणि पियानोला कुलूप पडलं. आता तिच्या भाचीच्या मंडळाला वसंतातल्या जलशात ती गाणी बँजोवर वाजवायची होती. ती बसवून देण्याचं काम लॅव्हिनियाने घेतलं. घेण्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नाही. तिची आजी डॉर्कस याच घरात कपड्यांना इस्त्री करायची.

पहिली तीन गाणी सरळ गेली. पियानोच्या भरगच्च सुरांतले नेमके दोन-तीन ठेवायचे, बाकीचे सोडायचे, आणि बँजोची वरची आखूड तार मध्येमध्ये घुमत ठेवायची. दुपार कलली. चौथं गाणं कर्नलचं सगळ्यात गाजलेलं, ‘पैलतीरीचा दिवा’. पहिली ओळ वाजली आणि लॅव्हिनियाचा हात थबकला. हे तिने पाळण्यात ऐकलं होतं. शब्द वेगळे होते, पण चाल आजीचीच. फक्त ध्रुवपदाच्या शेवटी आजी खाली उतरायची आणि कागदावर सूर वर चढत होता.

तिने आजीसारखं, खाली उतरून वाजवलं.

कुलूपबंद पियानोतून एकच सूर आला. वरचा.

खोलीत चिरुटाचा वास पसरला. त्या घरात आता चिरूट ओढणारं कुणी नव्हतं. लॅव्हिनियाने ऑगस्टाकडे पाहिलं. ऑगस्टा आपल्या मांडीवरच्या हातांकडे पाहत होती.

“वडिलांना चालायचं नाही,” ती हळूच म्हणाली. “अजून... चालत नाही. वरचा सूर लिही, लॅव्हिनिया. एका सुराने काय फरक पडतो?”

“फरक पडत नसता, तर ते उठले नसते, मिस ऑगस्टा.”

मग तिने सगळं सांगितलं. हे गाणं आजीचं आहे, आजी या घरात ते गायची, आणि ते गाजल्यावर मात्र तिला इथे तोंड उघडायची बंदी झाली. सांगताना तिचा आवाज चढला नाही. सांगून झाल्यावर तिने बँजो पुन्हा मांडीवर घेतला.

ध्रुवपद आलं. तिच्या डाव्या हातावर बर्फासारखी गार बोटं मिटली आणि तिचा हात दांडीवरून वरच्या सुराकडे ढकलू लागली. दिसत काही नव्हतं. तिच्या बोटांची कातडी मात्र दबून पांढरी पडली होती. तिला उठून पळावंसं वाटलं. अंगणातून रस्त्यापर्यंत जायला कितीसा वेळ लागला असता... पण ती उठली नाही.

“कर्नलसाहेब,” ती म्हणाली, “आजीचं गाणं घेतलंत. त्यावर नाव तुमचं घातलंत. आता माझा हात तरी सोडा.”

आणि तिने तो हात, त्या बोटांसकट, खाली ओढला. आखूड तार तुटून तिच्या गालावर बसली. रक्त आलं. उरलेल्या तारांवर ती वाजवत राहिली. पियानो वरचा सूर ठोकत होता, एकसारखा, दार बडवावं तसा. काचेची तावदानं थरथरू लागली.

तेवढ्यात एक चिरका, म्हातारा आवाज बँजोला येऊन मिळाला. ऑगस्टा गात होती. डोळे गच्च मिटून, कर्नलचे नव्हे, डॉर्कसचे शब्द. ध्रुवपदाच्या शेवटी ती खाली उतरली.

पियानो थांबला.

“इस्त्रीच्या टेबलाखाली बसून ऐकायचे मी,” ती म्हणाली. “खालीच जायचं ते. लिही तसंच. वर तिचं नाव घाल.”

लॅव्हिनियाने तसंच लिहिलं. गालावरचं रक्त पुसायच्याही आधी.

वसंतात जलसा झाला. मंडळातल्या सगळ्या बायकांनी नवे झगे घालून बँजो वाजवले. मागच्या रांगेत साथीला लॅव्हिनिया होती. कार्यक्रमाच्या कागदावर डॉर्कस टोल्सचं नाव पाहून पुढच्या खुर्च्यांवरचे दोघेतिघे उठून गेले. बाकीचे बसून राहिले.

ध्रुवपदाचा शेवट आला आणि सगळ्या बायकांचे हात एकदम थांबले. तिथे थांबायचं असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा आपण थांबलो होतो हे एकीलाही आठवेना. त्या शांततेत लॅव्हिनियाने एकटीने उतरता सूर वाजवला, मुद्दाम ठासून. मग सगळ्या जणी पुन्हा वाजवू लागल्या, जणू काही झालंच नव्हतं.

पुढेही लॅव्हिनियाच्या साथीने ते गाणं जिथे जिथे झालं तिथे तो खंड पडायचा, आणि प्रत्येक वेळी ती तो भरून काढायची. ती त्याला भ्याली नाही. घरी फक्त एवढंच सांगायची, की तो सूर वाजवताना डाव्या मनगटावर कुणाची तरी बोटं असतात, आणि ती उबदार असतात, नुकतीच इस्त्री खाली ठेवलेल्या हातासारखी. थंड असती, तर ती कर्नलची हे तिला कळलं असतं.