थाळीतली चावी

“चावी काढली की करदोड्याला बांधायची. दुसरीकडं कुठंच ठेवायची न्हाई, बद्री,” जुना यंत्रचालक रखमाजी म्हणायचा. तो जाऊन वर्षं झाली, तरी गोदाकाठच्या पाणीयोजनेच्या केंद्रात शिरताना बद्रीनाथच्या कानाशी तो आवाज यायचाच. आज मात्र तो ऐकवत नव्हता.

खंडेनवमीच्या रात्री पाण्यातलं क्लोरीन कुणीतरी अतोनात वाढवलं. दसऱ्याच्या पहाटे कुंभार पिंपळगावच्या दुर्गाबाई घोटभर पाणी प्याल्या आणि घसा धरून खाली बसल्या. दवाखान्यात बद्रीनाथनं त्यांना शब्द दिला होता, “पहिलं चांगलं पाणी मी आणीन मावशी, आधी मी पिईन.” तेव्हापासून नळ बंद होते.

क्लोरीन सोडणाऱ्या यंत्रावर चावीनं फिरणारी एक कळ होती. ती ‘हात’वर असली की बाहेरची लाईन पूर्ण बंद, जे करायचं ते यंत्रापाशी उभं राहून. ‘दूर’वर फिरवली की इंटरनेटवरून आकडे दिसायचे, बदलताही यायचे. चावी एकच, यंत्र चालवणाऱ्या बद्रीनाथकडं. आणि दसऱ्याला कळ ‘दूर’वर सापडली. संध्याकाळी पोलीस त्याला न्यायला येणार होते.

म्हणून त्याच्या बायकोनं, वंदनानं, जालन्याहून खासगी तपास करणाऱ्या गंधालीताईंना बोलावलं. सोबत त्यांचे काका मार्तंडराव होते.

“कळ ‘हात’वरच होती ताई. पण आता माझाच माझ्यावर भरोसा न्हाई राह्यला.”

“पूजा कशी केली, तेवढं सांगा.”

“यंत्राला हार घातला. चावी थाळीत ठेवून तिला कुंकू वाह्यलं. पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत न्हाईत, म्हणून तिथंच ठेवली अन् देवीच्या आरतीला गेल्तो.”

गंधालीताईंनी काडीनं कळीतलं चावी घालायचं भोक कोरलं. काडीचं टोक लाल झालं.

“पूजेचंच कुंकू की,” मार्तंडराव म्हणाले. “अख्खं यंत्र माखलंय!”

त्यांनी काडी कागदात गुंडाळून ठेवली.

दुरुस्तीवाला राधेश्याम आला. बद्रीनाथचं आणि त्याचं पटत नसे.

“मी पेढा खायला आल्तो. या महाराजानं चपला काढायला लावल्या, यंत्राजवळ येऊ दिलं न्हाई. मंग याच्यासंगंच बाहेर पडलो. यंत्राचा पासवर्ड? तो कारखान्यातून आला तोच हाय अजून. दुनियेला पाठ!”

बद्रीनाथनं मान खाली घातली. ‘बदलू उद्या,’ असं सगळेच म्हणत राहिले होते.

मग अभियंता सुयश आला. त्यानं मोबाईल पुढं केला.

“पूजेचा फोटो. बघा, कळ ‘हात’वर, चावी थाळीत. नंतर मी सणासाठी घरी जालन्याला गेलो. तरी लक्ष होतं माझं. दुपारी मोबाईलवर आकडे बघितले, क्लोरीन बरोबर होतं. रात्री बद्रीकाकांनी काय केलं, ते त्यांनाच ठाऊक.”

“पोरगा जबाबदार आहे हो,” मार्तंडराव म्हणाले.

गंधालीताईंनी सगळ्यांना यंत्रापाशी बोलावलं.

“चावीला कुंकू पूजेत लागलं. ते भोकात उतरलंय, म्हणजे कळ पूजेनंतर फिरली.”

“मग बद्रीनाथनंच फिरवली असेल,” मार्तंडराव म्हणाले.

“काका, कळ ‘हात’वर असली की बाहेर काहीच दिसत नाही. ती तशी डोळ्यांनी पाहून, फोटो काढून गेलेला माणूस जालन्यात बसून आकडे कशाला उघडेल? ते दिसणार हे ज्याला ठाऊक आहे, तोच उघडेल. सुयश, हे दोघं बाहेर पडल्यावर तुम्ही मागं राहिलात ना?”

सुयशचा चेहरा उतरला. “घरून लक्ष ठेवता येईल म्हणून फिरवली, चावी परत थाळीत ठेवली. पण क्लोरीन मी नाही वाढवलं, आईशपथ!”

“मान्य. दार तुम्ही उघडं टाकलंत आणि पासवर्ड जगजाहीर होता. रात्री कुणी परका आत शिरला, त्याचा माग सायबर पोलीस काढतील. पण एक निर्दोष माणूस तुरुंगात जात असताना तुम्ही गप्प बसलात.”



“चावी मी ठेवली, म्हणून त्याला गावली,” बद्रीनाथ हळूच म्हणाला.

पोलीस आले ते सुयशचा जबाब घेऊन गेले. पुढं पासवर्ड बदलला, टाक्या धुतल्या, पाण्याची तपासणी बरोबर आली. त्या सकाळी बद्रीनाथनं केंद्रातल्या नळाखाली कळशी भरली, तिच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं. करदोड्याची चावी एकदा चाचपली आणि कळशी मांडीवर घेऊन तो कुंभार पिंपळगावच्या जीपमध्ये जाऊन बसला.