तळघरातली विहीर

कंदील जरा बारीक कर, अश्विनी. वीज येईल तेव्हा येईल. तोवर लालबागच्या आपल्या नीलेशचं ऐका. त्यानंच मला सांगितलं, माझा हात धरून.

ती कापड दुकानाची चार मजली नवी इमारत आहे ना, तिथं आधी केळीची बाग होती. बागेत विहीर. बांधकामात विहीर बुजवली, पण पाणी काही बुजलं नाही. तळघरात झिरपायचं. ते गटारात सोडायचे, आणि वर संडासाला, थंड हवेच्या यंत्रांना टँकर मागवायचे. मग कुणाला तरी सुचलं. झिरप हौदात धरली, गाळून वर चढवली. टँकर बंद झाले. चांगलंच झालं म्हणा.

रात्री मोटरीवर कौतिकभाऊ असायचा. पौषातल्या अमावास्येला त्याची बहीण आजारी पडली, म्हणून तो नेपानगरला गेला आणि नीलेशला बसवून गेला. जाताना बजावलं, मोटर बंद करायची नाही. हौद वाहिला तर गोदामातलं कापड भिजेल आणि दोघांचीही नोकरी जाईल.

नीलेशला नोकरी हवीच होती. घरी वैजयंती दहा दिवसांची बाळंतीण. बाराव्याला बाळंतिणीनं विहीर पुजायची, हा आपला रिवाज. पण गावात विहिरी राहिल्यात कुठं? तिची सासू नळालाच हळद लावणार होती.

मध्यरात्र उलटली. मोटर घुमत होती. जिन्यावरून कुणी उतरलं.

बाईच होती. डोक्यावर पदर, हातात ताट, कडेवर फडक्यात गुंडाळलेलं बाळ. नीलेशला वाटलं, झाडूवाल्यांपैकी कुणी असेल.

"कुणीकडं, बाई?"

"विहीर पुजायची हाय, भाऊ. बाराव्याची राहून गेली."

"इथं विहीर नाही. हौद आहे."

"तीच हाय. मी पाणी वळखते."

ती हौदाशी वाकली. मोटरीच्या ओढीनं पाणी गरगरत होतं. तिनं हळदीचं बोट पुढं केलं, मागं घेतलं. पुन्हा पुढं. पुन्हा मागं.

"पाणी ठरत नाही, भाऊ... थांबव ना."

नीलेशनं मोटरीकडं पाहिलं.

"बाळाला घेऊन किती येऊ..."

फडकं सरकलं. बाळ निळं होतं. हलत नव्हतं. रडत नव्हतं.

नीलेश मागं सरकला. पळावं, तर जिना तिच्या मागं. बटणावर हात गेला. डोळ्यापुढं गोदाम आलं. मग वैजयंती आली, मांडीवर पोर घेऊन...

त्यानं मोटर बंद केली.

पाणी चढलं. काठाला लागलं. तिथंच थांबलं. थेंब सांडला नाही.

तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बोटं पाण्यात बुडल्याचा आवाज. बांगड्यांचा आवाज. मग...

बाळ रडलं. एकदाच.

वळून पाहिलं. कुणी नाही.

पहाटे कौतिकभाऊ आला. मोटर बंद, हौद काठोकाठ, फरशी कोरडी. सगळं ऐकून तो खालीच बसला. बागवाल्यांची धाकटी सून बाळंतपणाच्या अकराव्या दिवशी बाळासकट गेली होती. त्याला माहीत होतं. नीलेशला कुणी सांगितलं नव्हतं.

कौतिकभाऊनं बॅटरी फरशीवर धरली. जिन्यापासून हौदापर्यंत ओली पावलं. एका बाईची. हौदापासून परत जिन्यापर्यंतही तीच पावलं.

आणि त्यांच्या शेजारून, बोटभर लांबीची... अनवाणी.

मोठी पावलं पोतेऱ्यानं पुसली गेली.

लहान अजून ओली आहेत.