मागच्या बाकावरचा ठोका

लाइट गेली ते एका अर्थी बरंच झालं. ठेवा ती पुस्तकं बाजूला, उगाच डोळे फोडून घेऊ नका. उद्या गणिताचा पेपर असलेल्या पोरांना भुताखेतांच्या गोष्टी सांगू नयेत, एवढी अक्कल मला आहे. पण तुम्ही संध्याकाळपासून माझ्यामागे भुणभुण लावली आहे, आणि माझ्यापाशी एकच गोष्ट आहे, ती नेमकी पेपरच्या आदल्या रात्रीची. माझ्यावर बेतलेली नाही. माझ्या मित्रावर बेतली. थाप मारायला लागते तेवढीसुद्धा कल्पनाशक्ती त्यांच्याकडे नव्हती, गणिताचे सर होते ते.

आम्ही दोघांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली होती. खाली शिंप्याचं दुकान, बाहेरून लोखंडी जिना, वर खोली. सकाळी मी तिथे फिजिक्स शिकवायचो आणि संध्याकाळी सर बारावीचं गणित. कुलूप एक, किल्ली एक, ती सरांकडे असायची. मी सकाळी त्यांच्या घरून घेऊन जायचो आणि चहाही तिथेच उरकायचो.

सरांच्या वर्गात हुशार पोरं कमीच. एकदा आपटलेली, दोनदा आपटलेली, घरच्यांनी हात टेकलेली अशी पोरं त्यांच्याकडे यायची. त्यांना शिकवायची सरांची एक तऱ्हा होती. एकाला फळ्यापाशी उभं करायचं. त्याने तोंड फळ्याकडे ठेवून उदाहरण सोडवायचं आणि प्रत्येक ओळ मोठ्याने बोलायची. बाकीच्यांनी गप्प बसायचं. कोणाला चूक दिसली तर त्याने तोंड उघडायचं नाही, बोटाच्या पेराने बाकावर एक ठोका द्यायचा. ठोका पडला की फळ्यापाशी उभा असलेल्याने एक ओळ मागे जायचं आणि चूक स्वतः शोधायची. कोणी ठोकलं ते मागे वळून बघायचं नाही, हा पक्का नियम होता. सर म्हणायचे की परीक्षेत मागे कोण असतं बघायला? तिथे हा ठोका आपल्याच डोक्यात पडायला हवा.

तर त्या वर्षी सरांची भाची त्यांच्याकडे शिकायला होती. सख्ख्या बहिणीची मुलगी. गणितात दोनदा गेलेली, ही तिसरी खेप. तिच्या वडिलांनी, म्हणजे सरांच्या मेहुण्यांनी, स्पष्ट सांगितलं होतं की आता नापास झाली तर शिक्षण बंद, घरी यायचं आणि दुकानात बसायचं. मुलगी ढ नव्हती. मान मोडून अभ्यास करायची. पण इंटिग्रेशनमध्ये एकच चूक तिच्या बोटांत बसली होती. एक्सच्या जागी टी घ्यायची, सगळं नीट बदलायची, आणि खालची-वरची लिमिट मात्र जुनीच ठेवायची. सर ओरडून थकले, समजावून थकले. पेपरच्या आदल्या सकाळीही तिने तेच केलं. सरांनी खडू खाली ठेवला आणि काही न बोलता हात धुवायला निघून गेले. ओरडण्यापेक्षा ते तिला जास्त लागलं.

तो रविवार होता. रात्री पावणेबाराला दप्तर भरताना भाचीच्या लक्षात आलं की हॉल तिकीट नाही. सरांनी सगळ्यांची तिकिटं झेरॉक्ससाठी घेतली होती, बाकीच्यांची परत दिली, घरच्याच मुलीचं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिलं. सकाळी आणू म्हटलं असतं तर ती रात्रभर झोपली नसती. सरांनी चप्पल पायात सरकवली आणि निघाले. पाय सुजलेले, घसा बसलेला. महिनाभर सकाळ-संध्याकाळ जादा वर्ग घेऊन माणूस नुसता पिळून निघाला होता.

रस्ता रिकामा होता. औषधाच्या दुकानाचा दिवा तेवढा चालू होता. जिना चढताना सर दोनदा थांबले. कुलूप काढलं, दार लोटलं, ट्यूबलाइट लावली. ती जरा चाचरत लागली, ती नेहमीच तशी लागायची. तिकीट ड्रॉवरमध्ये वरच होतं. ते घ्यायचं आणि परत फिरायचं, एवढंच काम. पण सर खुर्चीवर बसले. बसले ते उठवेना.

तिकिटावर भाचीचा फोटो होता. एवढ्याशा फोटोतसुद्धा दमलेली दिसत होती. आणि सरांच्या मनात आलं की हे तिकीट सापडलंच नाही तर? पेपर हुकेल. मेहुणे चिडतील, पण ते सरांवर चिडतील, मुलीवर नाही. नापासाचा शिक्का बसणार नाही. पुढच्या परीक्षेपर्यंत तिला सहा महिने मिळतील. सगळा विचार तिच्या भल्याचाच होता. आणि खरं सांगायचं तर, सरांना स्वतःलाही सुटका हवी होती. तिसऱ्या वेळी तिचा तो चेहरा बघायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, मान खाली घालून.

असं पूर्वी एकदा त्यांनी केलं होतं. आमच्याकडे एक पोरगा होता, त्याला सगळे ठोक्या म्हणायचे. शेवटच्या बाकावर बसायचा, आणि फळ्यापाशी आला की चुकलेलं डस्टरने नाही, बोट जिभेला लावून पुसायचा. दुसऱ्याची चूक त्याच्याइतकी झटकन कोणाला सापडत नसे, खडू फळ्यावरून उचलायच्या आत ठोका पडायचा. स्वतःचा पेपर मात्र हमखास घालवायचा. दोनदा नापास झाल्यावर सरांनी त्याला मायेनेच सांगितलं की बाबा, आता फॉर्म भरू नकोस, तुझ्याच्याने नाही व्हायचं. त्याने ऐकलं. वादसुद्धा घातला नाही. दूर कुठल्याशा शीतगृहात कामाला लागला आणि त्याच हिवाळ्यात तापाने गेला. त्याचा तो बाक अजून खोलीत होता, पण त्यावर सहसा कोणी बसायचं नाही. पाय डुगडुगायचा त्याचा, म्हणून.

सर उठले. सकाळचं ते उदाहरण त्यांनी फळ्यावर पुन्हा मांडलं. एकदा स्वतः सोडवून बघू, खरंच एवढं अवघड आहे का, आणि मग काय ते ठरवू, असा विचार होता. खोलीत कोणी नव्हतं, तरी सवयीने ते मोठ्याने बोलू लागले. एक वजा एक्स वर्ग बरोबर टी घेऊ. दोन्ही बाजूंचं विकलन. मग इंटिग्रल टीमध्ये लिहिलं. खाली शून्य. वर एक.

टक.

मागून. लाकडावर.

सरांना वाटलं, खाली शिंप्याच्या दुकानाचं काहीतरी वाजलं असेल. ते पुढची ओळ लिहायला गेले.

टक.

हात थांबला. नजर एक ओळ वर गेली. शून्य आणि एक ही तर एक्सची लिमिट. टीची उलटी होणार, खाली एक, वर शून्य. भाचीची चूक होती ती. जन्मभर हे शिकवलेल्या माणसाने तीच चूक केली होती.

सरांनी तळहाताने आकडे पुसले. नवे लिहिले. खडू फळ्यावर करकरला.

मग शांत.

ठोका पडला नाही, म्हणजे ओळ बरोबर होती. हे त्यांच्या लक्षात आलं.

मागे वळून बघावंसं वाटलं. वळले नाहीत. नियम आठवला म्हणून नाही. मानच वळेना. फळा समोर होता, आपलीच सावली त्यावर पडली होती, आणि मागे सगळे बाक. ट्यूबचा बारीक आवाज येत होता. बाकी काही नाही. श्वास नाही, कपड्याची सळसळ नाही...

शेवटी सर फळ्याकडे बघतच हळू आवाजात बोलले. त्यांना वाटलं, बोललो नाही तर इथेच कोसळू.

"दमलोय रे मी. ती पण दमलीय."

काही नाही.

"नाही व्हायचं तिच्याच्याने."

टक.

सरांच्या हातातला खडू मोडला. अर्धा खाली पडला आणि घरंगळत मागे गेला, बाकांच्या दिशेने. कुठेतरी थांबला. सर ऐकत राहिले.

"तिकीट सापडलं नाही म्हणून सांगतो..."

टक.

आता जवळून. शेवटच्या बाकावरून नाही. मधल्या.

एक ओळ मागे जायचं. ठोका पडला की मागे जायचं. पण कुठे मागे? कुठवर?

"तिला उद्या बसू दे?"

...

"बसू दे तिला."

...

ठोका नाही.

सर फळ्याला पाठ न करता, भिंतीला हात लावत लावत दाराशी आले. तिकीट शर्टाच्या खिशात होतं, दिवा विझवायचं भान राहिलं नाही. कुलूप मात्र लावलं. जिना कसा उतरले, त्यांना आठवत नाही. घरी आले तेव्हा भाची दारातच उभी होती. सरांनी तिकीट तिच्या हातात दिलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, "मामा, केवढा घाम आलाय तुम्हाला." सर म्हणाले, जिना चढवत नाही गं आता.

दुसऱ्या दिवशी भाची पेपरला बसली. दुपारी घरी आली ती दारातूनच सांगत आली की इंटिग्रल आलं होतं आणि लिमिट बदलली. पुढे निकाल लागला, काठावर का होईना, पण पास झाली. मेहुणे स्वतः पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आज ती स्वतः शिकवते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको.

पण गोष्ट तिथे संपत नाही.

पेपरच्या दिवशी माझा सकाळचा वर्ग बंद होता, त्यामुळे खोलीवर कोणी गेलं नव्हतं; संध्याकाळी सर धीर करून गेले. दिवा तसाच चालू होता, कुलूप तसंच होतं. फळ्यावर त्यांनी अर्धवट टाकलेलं उदाहरण मात्र पूर्ण झालं होतं. खाली नव्या ओळी होत्या. तिरपं, डावीकडे कललेलं अक्षर. सरांनी ते ओळखलं. तपासून तपासून डोळ्यांत बसलेलं अक्षर होतं ते.

आणि उदाहरण चुकलं होतं. आधीच्या ओळीत वजा अर्धा होता. तो इंटिग्रलच्या बाहेर काढताना नुसता अर्धा लिहिला होता, वजा गळाला होता. त्यामुळे शेवटी उत्तर आलं वजा एक तृतीयांश. जिथे वक्र सगळा अक्षाच्या वर, तिथलं क्षेत्रफळ वजा! याच चुकीने तो पोरगा दोनदा गेला होता.

सर मला नंतर म्हणाले, भीती वाटली नाही रे, रडू आलं. दुसरं कोणी असतं तर डस्टर घेऊन फळा साफ केला असता. सर हळूहळू मागे गेले. शेवटच्या बाकावर बसले. बाक डुगडुगला. त्यांनी बोटाचं पेर वाकवलं आणि बाकावर एक ठोका दिला.

मग उठले, दिवा विझवला, कुलूप लावलं, घरी आले.

मंगळवारी सकाळी मी किल्ली घ्यायला गेलो, तर सर म्हणाले, चल, मी येतो बरोबर. चहासुद्धा विचारला नाही. वाटेत त्यांनी मला हे सगळं सांगितलं, आत्ता मी तुम्हाला सांगितलं तसं. मला वाटलं, जागरणाने माणूस भ्रमला. कुलूप मी माझ्या हाताने काढलं.

फळा मी बघितला.

अर्ध्याच्या आधी वजाचं चिन्ह होतं. नवं, दाबून काढलेलं. आणि खाली उत्तराच्या आधीचं वजाचं चिन्ह बोटाने पुसलेलं होतं.

ती जागा अजून ओली होती.