राजा तोच, डबी दुसरी

"ही माझी डबी नाही," आजीबाई म्हणाल्या आणि संग्रहालयाच्या साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला.

खोलीच्या कोपऱ्यात ताई, बटाट्या आणि चिमणी चिडीचूप बसली होती. सुट्टीला मावशीकडे आलेली ही भावंडं. मावशी या खोलीत जुन्या वस्तू साफ करायची. समोर टेबलावर सोन्याची डबी होती आणि झाकणावर नखाएवढा राजा. पूर्वी राजे खूश झाले की परदेशी पाहुण्याला अशी डबी देत, वर स्वतःचंच चित्र बसवून! आजीबाईंच्या पणजोबांना मिळालेली डबी त्यांनी प्रदर्शनाला दिली होती. आज परत न्यायला आल्या, तर हा घोळ.

साहेबांनी जुना फोटो दाखवला. तेच नाक, तोच टोप, तोच राजा. पण आजीबाई फोटोकडे ढुंकूनही बघेनात. त्या नुसता कडेवरून अंगठा फिरवत होत्या. लहानपणी दात येत होते तेव्हा त्यांनी आपली डबी चावली होती म्हणे. सोनं मऊ, त्यामुळे दोन इवलेसे व्रण कायमचे राहिले. आणि या डबीची कड तर गुळगुळीत!

नकली म्हणावी, तर राजा अस्सल. अस्सल म्हणावी, तर दात गेले कुठे? साहेब पार चक्रावले आणि चक्रावलेली मोठी माणसं करतात तेच त्यांनी केलं. समोर दिसेल त्याच्यावर खापर फोडलं.

"डबीला हात फक्त तुमचा लागलाय," ते मावशीला म्हणाले. "उद्यापासून कामावर येऊ नका."

मावशीने मान खाली घातली आणि हातातल्या फडक्याची घडी केली. बटाट्या कुजबुजला की साफ करताना दात पुसले गेले असतील. ताईने त्याला चिमटा काढला.

"राणीला दात आहेत," चिमणी म्हणाली.

कुणी लक्ष दिलं नाही. स्वतःचे पुढचे दात पडल्यापासून चिमणीला जगात सगळीकडे दातच दिसायचे. पण ताई तिच्यामागून दालनात गेली. काचेच्या कपाटात संग्रहालयाची स्वतःची डबी होती, त्याच सोनाराने हुबेहूब तशीच घडवलेली, वर राणीचं चित्र. ताई चिमणीएवढी वाकली. खालच्या कडेला दोन इवलेसे व्रण!

राणीच्या डबीवर आजीबाईंचे दात? ताईच्या डोक्याचा भुगा झाला. मग तिला आठवलं. पाण्याने रंग बिघडू नयेत म्हणून मावशी आधी चित्रं काढून ठेवते. काल ती पोरांना घेऊन जेवायला गेली, तेव्हा चित्रं सुटीच होती. परत आल्यावर बघतात तर डब्या सजून दालनात! मावशीला वाटलं, मदतनिसाने बसवली असतील. पण कपाटाची किल्ली तर साहेबांकडे असते!

साहेबांना तोंडावर विचारलं असतं तर ओरडाच मिळाला असता. ताई परत येऊन गोड आवाजात म्हणाली, "साहेब, हा राजा डबीवरून निघतो का हो? मावशी म्हणते, ते फक्त तिलाच जमतं."

"त्यात काय आहे?" साहेबांनी अंगठ्याने दाबून चौकट हलकेच फिरवली. राजा त्यांच्या तळहातावर आला. "काल फोटोवाला घाईत होता, तेव्हा मीच तर दोन्ही..."

ते थांबले. मावशीने मान वर केली.

"तुम्ही डब्या कशावरून ओळखल्या?" तिने विचारलं.

"चेहऱ्यावरून," साहेब पुटपुटले. आणि चेहरे तर सुटे होते!

कपाट उघडलं. आजीबाईंनी डोळे मिटून कडेवर अंगठा फिरवला आणि डबी छातीशी धरली. साहेबांनी सगळ्यांसमोर मावशीची माफी मागितली. पोरं नसती तर आपण एका भल्या बाईचं वाटोळं केलं असतं, असंही ते म्हणाले.

आजीबाईंनी डबी चिमणीच्या हातात दिली. "बघ निवांत. पण चावायची नाही हं."

"दातच नाहीत," चिमणी म्हणाली.

आणि सकाळपासून पहिल्यांदा मावशी हसली.