पायांवरचं वजन

दार लोटून घ्या, दिवा राहू द्या. तुम्हाला घाबरवायचा माझा काही विचार नाही. माझ्या गाद्यांच्या दुकानासमोरच्या माणसाबरोबर घडलं, ते जसंच्या तसं सांगतो. तो चष्मेवाला, तुम्ही पाहिलाय त्याला. आयुष्यभर लोकांच्या नजरा तपासल्या, आणि शेवटी स्वतःच्याच नजरेवर भरवसा उरला नाही बिचाऱ्याचा.

मागच्या थंडीतला शनिवार. संध्याकाळी दुकान बंद करून तो औषधाच्या दुकानात गेला. स्वतःच्या गोळ्या घेतल्या आणि बायकोसाठी ॲसिडिटीची बाटली. दोन दिवस तिच्या छातीत जळजळत होतं. घरी आल्यावर तो तिला म्हणाला, "अगं, बाटलीवर भागवू नकोस. डॉक्टरांना दाखवू."

"सोमवारी तुमच्या पायांसाठी जायचंच आहे ना? त्यातच माझंही उरकू. दोनदा कोण हेलपाटे घालणार?"

बाई अशीच होती. घरातल्या सगळ्यांचं आधी, स्वतःचं जमलं तर.

आता हे पायांचं प्रकरण काय, ते ऐका. दिवसभर गडी ठणठणीत. रात्री पाठ टेकली, की पोटऱ्यांच्या आत वळवळ सुरू. दुखणं परवडलं, म्हणायचा. पाय हलवला की घटकाभर बरं, थांबवला की पुन्हा तेच. अर्धी रात्र घरात येरझारा. हसू नकोस रे, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. बायको म्हणायची, "एवढं सरळ चालला असतात तर माझ्या माहेरी पोचला असतात." शेवटी तिनंच युक्ती काढली. पलंगाच्या पायथ्याला आडवी झोपायची, त्याच्या नडग्यांवर अंग टाकून. वजन पडलं की वळवळ दबायची. लोकांच्या जोड्या शेजारी शेजारी झोपतात, यांची काटकोनात. वर्षानुवर्षं.

पुढे वजन पुरेना, तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली. सुरुवातीला स्वर्ग. मग गोळीनं आपले रंग दाखवले. मळमळ. भर दुपारी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवता ठेवता डुलकी. रात्रीची वळवळ संध्याकाळीच यायला लागली, म्हणून डोस वाढला. डोस वाढला, तशी रात्री माणसं दिसायला लागली. कपाटाजवळ कुणीतरी उभं. खिडकीत कुणीतरी. डॉक्टर म्हणाले, काहींना होतं असं या गोळीनं, हळूहळू कमी करत आणू, मनानं एकदम बंद करू नका. पण आपल्याला वेड लागणार, या भीतीनं त्याची पार गाळण उडाली. तेव्हा बायकोनं त्याला एक नियम घालून दिला.

"काही दिसलं तर उठायचं नाही, बोलायचं नाही. आधी पायांचा अंदाज घ्यायचा. वजन आहे ना? मग मी तिथे आहे. समोर काय दिसतंय ते खोटं. डोळे मिटायचे आणि झोपायचं."

त्या नियमावर तो तगून होता.

तर त्या शनिवारी रात्री बाटलीतलं औषध घेऊन ती पायथ्याला आडवी झाली. त्यालाही डोळा लागला. जाग आली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे अंधारात चमकायचे, त्यामुळे वेळ पक्की.

खोलीच्या दारात बायको उभी होती.

एक हात चौकटीला. दुसरा छातीवर. ओठ हलत होते... आवाज नाही.

तो उठणार, तेवढ्यात नियम आठवला. त्यानं पायांचा अंदाज घेतला.

वजन होतं.

नडग्यांवर. नेहमीच्या जागी. जरा जास्तच जड... पण होतं. संथ वरखाली होत होतं, श्वास घेतल्यासारखं.

म्हणजे ती इथे. दारातली खोटी.

दारातलीनं चौकटीवरचा हात सोडला. त्याच्याकडे केला.

त्यानं डोळे मिटले.

काहीतरी पडलं. हेही खोटं, तो स्वतःशी म्हणाला.

पायांवरचं वजन हललं नाही...

आणि पोरांनो, कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप त्याला लागली.

सकाळी पायथा रिकामा होता. ती दारात पडली होती, गार. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. दोनच्या पुढेमागे गेली असावी. वेळेवर आणलं असतं तर, एवढंच बोलले.

दारातली खरी होती.

"तिनं हात पुढे केला आणि मी डोळे मिटले," तो मला म्हणाला. "तिनंच शिकवलं होतं तसं." मला रडू आलं, त्याला आलं नाही. मग त्यानंच विचारलं, "तर माझ्या पायांवर कोण होतं?"

डॉक्टरांनी गोळी टप्प्याटप्प्यानं बंद केली. माणसं दिसायची थांबली. गोळी सुटल्यावर वळवळ दुपटीनं येणार, याची त्यानं तयारी ठेवली होती. ती आलीच नाही. पाठ टेकली की पाय गप्प.

"वजन येतं," म्हणाला. "रोज. मी खाली बघत नाही."

"अरे, वहिनीच असतील," मी म्हटलं. "जीव होता त्यांचा तुझ्यावर."



जुनी गादी त्यानं टाकून दिली आणि नवी माझ्याकडून नेली. मी स्वतः भरली ती, कापूस ठासून. माझी गादी वर्षभर बसत नाही. आठवड्याच्या आत त्यानं मला घरी बोलावलं आणि चादर बाजूला केली.

उशाकडे गादी जशीच्या तशी. पायथ्याला आडवा खळगा. दाबून पाहिलं, आत कापसाचा दगड झालेला.

वहिनी माझ्या खांद्याला लागायच्या. त्या पलंगावर पाय पसरून आडव्या झाल्या, तरी वीतभर जागा उरायची.

खळगा या कडेपासून त्या कडेपर्यंत होता. आणि गादीच्या दोन्हीकडच्या कडा... वजन बाहेर लोंबत असल्यासारख्या खाली वाकल्या होत्या.